पट्टेरी चिंधी आणि पंच्याण्णवचे पेट्रोल

आज सकाळी मी स्वतःला मोजून पाहिले. दारे तीन. काचा दोन, त्यांतली एक तडकलेली. चाके नाहीत; त्यांच्या जागी सिमेंटचे चार ठोकळे. मागचा बाक आहे, पुढच्या दोन्ही खुर्च्या गेल्या. दिव्यांपैकी उजवा आहे. इंजिन नाही, तिथे एक मांजर आणि तिची तीन पिल्ले राहतात. सामानाचा छोटा कप्पा शाबूत आहे आणि त्यात एक निळी वही आहे.

मित्रांनो, मी अलेक्झांड्रियाची एक जुनी टॅक्सी आहे. काळी आणि पिवळी. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या माणसांनी माझे नट इतके घट्ट आवळले की पुढे अठ्ठावीस वर्षांत त्यांतले निम्मेसुद्धा सैल झाले नाहीत. १९८४ साली मी जहाजातून बंदरात उतरले आणि रिफअतने मला घेतले. तेव्हा तो तरुण होता. त्याने बॉनेटवर तळहात ठेवून बिस्मिल्ला म्हटले आणि मला अंफूशीतल्या आपल्या गल्लीत नेले. त्या दिवशी सगळ्या गल्लीने सरबत प्यायले.

मी खूप काम केले. कोळणींना टोपल्यांसकट मासळी बाजारात पोचवले. वधूवरांना फुले लावून समुद्रकाठच्या रस्त्यावरून मिरवले. रिफअतची मुलगी शुरूक हिला पहिल्यांदा घरी आणले ते मीच. मागच्या बाकावर, कपड्यात गुंडाळून. सकाळची पाळी रिफअतची आणि दुपारनंतरची बसयूनीची. बसयूनी त्याचा जुना दोस्त, बोलका आणि हसरा. त्याच्या मिशा एवढ्या भरघोस होत्या की उतारू आधी त्या बघत आणि मग भाडे विचारत. दोघांनाही सगळे ‘उस्ता’ म्हणत. आमच्याकडे हाताने काम जाणणाऱ्या माणसाला तसेच म्हणतात.

आता एका सवयीबद्दल सांगते, कारण माझी सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. दर वसंतात वाळवंटातून खमासीनचा वारा येतो. आकाश पिवळे होते आणि दातांत वाळू कचकचते. इंजिनालाही माणसासारखी हवा लागते. माझी हवेची नळी दंडाएवढी जाड होती. वारा सुटला की रिफअत आपल्या जुन्या पट्टेरी गलाबियाची, म्हणजे पायघोळ झग्याची, एक चिंधी ओली करून त्या नळीच्या तोंडाला बांधी. “धूळ छातीत जायला नको गं तुझ्या,” असे म्हणे. वारा पडला की चिंधी सोडी. तेवढ्यापुरता माझा श्वास अडे, पण ती माया मला समजत असे.

दोन वर्षांपूर्वी वारा पडला त्याच सकाळी शुरूकच्या परीक्षेचा निकाल लागला. रसायनशास्त्रात ती विद्यापीठात पहिली आली होती. रिफअत रस्त्यातच नाचला. त्या आनंदात तो चिंधी सोडायला विसरला.

मित्रांनो, हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच असले की पेट्रोल पुरते जळत नाही. ते काळा धूर होऊन वाया जाते. मी रखडत रखडत चालू लागले आणि जास्त पिऊ लागले. घरात कुरबूर सुरू झाली.

“शुरूकचे बाबा, त्या माझ्या सवतीला आता विकून टाका,” रिफअतची बायको कौसर म्हणाली. “मी दोन वेळा जेवते. ही बया दिवसभर पीत असते!”

“सव्वीस वर्षांची सोबत आहे, कौसर.”

“माझी एकतीस वर्षांची आहे. मला कधी धुऊन पुसून उन्हात उभं केलंत का?”

नाक्यावरच्या कॉफीखान्यासमोर हीच चर्चा झाली. बसयूनीने चहाचा पेला ठेवला.

“उस्ता, तू हिला ब्याण्णव आकड्याचं स्वस्त पेट्रोल पाजतोस. म्हातारपणी चांगलं खायला घालावं माणसानं. पंच्याण्णवचं भर! लिटरमागे दोन किलोमीटर जास्त नाही गेली, तर इथंच, या खुर्चीवर बसून मिशी उतरवीन.”

सगळे ओरडले. कॉफीखान्याचा मालक आत जाऊन वस्तराच घेऊन आला.

माझ्या दाराशी उभी असलेली शुरूक हसली नाही. “बसयूनीकाका, तो आकडा ताकदीचा नसतो. दाब वाढला की पेट्रोल आपोआप भडकू बघतं. ते किती दम धरतं, त्याचा तो आकडा. ज्या इंजिनात दाब खूप, त्याला तसलं धीराचं पेट्रोल लागतं. आपली गाडी दाबतेच बेताची.”

“ऐका!” बसयूनी म्हणाला. “गाडी आम्ही चालवायची आणि धीर हिनं शिकवायचा!”

“मग मोजू या,” शुरूक म्हणाली.

तिने निळी वही घेतली. टाकी काठोकाठ भरायची, रशीद गावापर्यंत जाऊन परत यायचे, म्हणजे एकशे तीस किलोमीटर, आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढे मावेल तेवढे जळाले. पहिली फेरी ब्याण्णवची झाली. लिटरला आठ किलोमीटर. रिफअतने मान खाली घातली. मग त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. “लिटरला दहा दे,” तो हळूच म्हणाला. “दहा देत राहिलीस, तर माझ्या जिवात जीव असेपर्यंत तुला कोणी हात लावणार नाही.” हा शब्द मी जपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पंच्याण्णवची फेरी होती. टाकी रिकामी करून नवे पेट्रोल भरायचे काम बसयूनीकडे होते. भरल्यावर त्याने तेल बघायला बॉनेट उघडले आणि त्याला चिंधी दिसली. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने ती सोडली, तिला हात पुसले आणि खिशात टाकली. मला मोकळा श्वास मिळाला. मला वाटले, आता हा ओरडून सांगेल.

त्या दिवशी मी रशीदच्या रस्त्यावर पोरीसारखी धावले. लिटरला दहा पूर्णांक सहा किलोमीटर. कॉफीखान्यात टाळ्या झाल्या. बसयूनीचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याला खांद्यावर घेतले गेले. त्या दिवसापासून त्याचे नावच ‘उस्ता पंच्याण्णव’ पडले. बंदरावरचे टॅक्सीवालेसुद्धा त्याला विचारून पेट्रोल भरू लागले. मिशी वाचली होती. आता ती दोन्ही बाजूंनी पीळ घालून वर वळवली जाऊ लागली.

“एका फेरीवर काही ठरत नाही, बाबा,” शुरूक म्हणाली. “अजून दोन दोन करू.”

“पुरे गं! मोजणं संपलं. आता मिठाई आण.”

तिने वहीत आकडा लिहिला. खाली लिहिले, ‘कारण कळले नाही’, आणि पुढे मोठे प्रश्नचिन्ह काढले. वही माझ्या कप्प्यात ठेवली. महिन्याभराने तिला मन्सूरा शहरातल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि ती गेली.

धावले मी, आणि कौतुक झाले पेट्रोलचे. तेवढे मी सोसले. शब्द पाळला जात होता ना!

या वसंतात पुन्हा खमासीन आला. मागच्या वर्षी वाऱ्याने चिंधी उडवून नेली होती, म्हणून रिफअतने या वेळी ती बांधली नाही. बोटांनी वीतभर आत कोंबली. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. दहा दिवस पट्टी होती. तो परत आला, तेव्हा त्याने सवयीने नळीच्या तोंडाशी पाहिले; या वेळी ती आत कोंबली होती, हे तो विसरला होता. तिथे काही नव्हते. बसयूनीने काढली असेल, असे त्याला वाटले. बसयूनीनेही तोंडाशीच पाहिले होते.

मी धापा टाकत होते. मागून काळा धूर येत होता. पंच्याण्णवचे पेट्रोल भरलेले असूनही लिटरला आठसुद्धा पडेनात.

एका दुपारी पाळी बदलताना रिफअतने माझ्या दाराला टेकून विचारले, “बसयूनी, नीट आठव. त्या वेळी पेट्रोलाशिवाय आणखी काही केलं होतंस का? फिल्टर साफ केला, कुठला स्क्रू फिरवला, काहीही?”

मित्रांनो, माझे सगळे आयुष्य त्या क्षणी एका माणसाच्या जिभेवर होते. ‘चिंधी काढली होती’, एवढेच त्याने म्हणायचे होते. मग रिफअतने हात आत घातलाच असता. बसयूनीने मिशीवरून बोट फिरवले.

“काही नाही, उस्ता. देवाशपथ, नुसतं पेट्रोल. आता हिलाच काही राहिलं नाही. पंच्याण्णवसुद्धा लागू पडत नाही म्हणजे बघ!”

रिफअतने माझ्याकडे पाहिले. त्याला नव्या डोळ्याने सगळे स्वच्छ दिसत होते, आणि तरीही त्याने नळीत हात घातला नाही. मी दहा दिले नाहीत, एवढेच त्याने धरले. दहा का देत नाही, हे त्याने मला विचारलेच नाही.

आठवड्याने मला शंदवीली नावाच्या मुअल्लिमच्या, म्हणजे मालकाच्या, भंगारवाड्यात नेले. हा जुन्या गाड्या घेऊन त्यांचे भाग विकतो. रिफअतने आरशाला लटकणारी निळ्या मण्यांची माळ काढून घेतली, किल्ली दिली आणि मागे न बघता पायी गेला. त्याला रडू येत होते, हे मला ठाऊक आहे. पण रडू येत असतानासुद्धा माणूस विकू शकतो, हेही मला त्या दिवशी कळले.

शुरूक सुट्टीवर आली आणि वहीसाठी वाड्यात धावत आली. शंदवीली मला चालू करून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेत होता. तिने धूर पाहिला.

“थांबा काका! हा काळा आहे.”

“धूर काळाच असतो, ताई. हिरवा पाहिजे असेल तर लग्नाच्या मांडवात जा.”

“काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय. पेट्रोलच्या आकड्याचा इथं काही संबंधच नाही.” तिने बॉनेट उघडले, बाही वर केली आणि मनगटाच्या वरपर्यंत हात नळीत घातला. चिंधी बाहेर आली. हिरवे आणि पांढरे पट्टे, वर चिकटलेली वाळू.

“काय गं हे? व्याली की काय गाडी?” शंदवीली म्हणाला.

शुरूकने पट्टे ओळखले. तिने चिंधी घट्ट धरली आणि म्हणाली, “काका, हिला परत द्या.”

“नाही जमणार, बेटा. इंजिनासाठी दमनहूरच्या माणसाला शब्द दिलाय. शनिवारी नेणार तो.” त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. “तोवर फिरव हवी तेवढी. पण शनिवारी मी ऐकणार नाही.”

ती मला घेऊन थेट कॉफीखान्यासमोर गेली. रिफअत आणि बसयूनी एकाच बाकावर बसले होते. तिने चिंधी चहाच्या पेल्यांमध्ये ठेवली. रिफअत आपल्याच गलाबियाच्या त्या तुकड्याकडे बघत राहिला. बसयूनीचा हात आपसूक खिशाकडे गेला. शुरूकने ते पाहिले.

“काका, त्या वेळी पण होती ना? तुम्ही काढलीत.”

बसयूनीने हात खिशापासून मागे घेतला. मग म्हणाला, “लोकांनी खांद्यावर घेतलं होतं गं मला. खाली कसा उतरणार होतो?”

“आणि मी विचारलं तेव्हा?” रिफअत म्हणाला. “तेव्हा तर तू जमिनीवरच होतास.”

तीन दिवस बापलेक रशीदच्या रस्त्यावर होते. चाकांतली हवा दर सकाळी सारखी केली. पेट्रोल बदलताना टाकी पूर्ण रिकामी केली. सारा वेळ रिफअतच चालवत होता, एकाच वेगाने, आणि एक हात जमेल तेव्हा माझ्या डॅशबोर्डवर ठेवत होता. मी दुखावलेली होते, तरी नेहमीसारखीच धावले. खोटे धावणे मला येत नाही. तिसऱ्या दिवशी शेवटची फेरी मुद्दाम चिंधी कोंबून केली.

शनिवारी सकाळी बसयूनी वाड्याच्या फाटकाशी आला. त्याचा वरचा ओठ कोरा होता, कोवळ्या कातडीसारखा पांढरा. रिफअतने त्याच्याकडे पाहिले नाही. दमनहूरच्या माणसाने इंजिन साखळीने वर उचलले. रिफअतने शंदवीलीकडे मला पुन्हा एकदा परत मागितले, आणि शंदवीलीने पुन्हा नकारार्थी मान हलवली. शुरूकने वही माझ्या कप्प्यात ठेवली. “ही हिचीच आहे,” ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी असेल. ती थकली, तर तिला महागडे काही पाजण्याआधी तिचा श्वास कुठे अडला आहे का ते बघा. जिथे डोळा पोचत नाही, तिथे हात घाला. आणि तुमच्या हातून चूक झाली असेल, तर कोणी विचारेल तेव्हा सांगा. जिला बोलता येत नाही, तिचे सगळे तुमच्या उत्तरावर असते.

मांजरीची पिल्ले कधी कधी कप्प्यात शिरतात, तेव्हा वही उघडते. शेवटच्या पानावर शुरूकच्या अक्षरात लिहिले आहे:

प्रत्येक फेरी १३० किलोमीटर.
ब्याण्णव, नळी मोकळी: १२.३, १२.२, १२.३ लिटर. लिटरला १०.६ किलोमीटर.
पंच्याण्णव, नळी मोकळी: १२.३, १२.३, १२.२ लिटर. लिटरला १०.६ किलोमीटर.
पंच्याण्णव, नळीत चिंधी: १६.४ लिटर. लिटरला ७.९ किलोमीटर.