चौकोनी चिंध्या

आमची ही गेली त्याला दीड महिना झाला. शाळेच्या मागच्या खोलीत ती दर शनिवारी मुलांना चिंध्यांपासून वस्तू करायला शिकवायची. शिकवायची म्हणजे काय, पोतं जमिनीवर ओतायची आणि बाजूला बसायची. नमुना कधी दाखवायची नाही. ती गेल्यावर मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, "आठ मुलं येतायत तोवर खोली तुमची. कमी झाली तर मला तिथे जुनी बाकं ठेवायचीत." मी म्हटलं, वर्ग मी चालवतो. आम्हाला मूलबाळ नाही. तिचं मागे राहिलेलं एवढंच.

मी कपड्यांच्या कारखान्यात कटर. एकतीस वर्षं कापड कापतोय. कारखान्यातली कातरण मीच तिला आणून द्यायचो. ती एकेक तुकडा हातात फिरवून बघायची आणि पोत्यात टाकायची. शेवटचं पोतं घरीच होतं. उघडलं तर सगळं वेडंवाकडं. बगलेच्या खाचा, गळ्याचे अर्धगोल, लांबट शेपट्या. मुलांच्या हातात असलं काय द्यायचं? तीन दिवस बसलो आणि पट्टी लावून सगळं चौकोनी केलं. उरलेलं कचऱ्याच्या गाडीत दिलं. मला वाटलं, मोठं काम केलं.

शनिवारी मोजून आठ मुलं आली. मी चौकोनांचे गठ्ठे समोर ठेवले.

"काका, याचं काय करायचं?"

"सुचेल ते करा."

"रुमाल," एक जण म्हणाला.

"रुमालच आहे तो. तू फक्त नाक पूस."

पोरं हसली. अर्ध्या तासात सात रुमाल शिवून झाले. आठवी मुलगी नुसती बसून होती. नऊ वर्षांची, अंगाने एवढीशी, सगळे तिला टिचकी म्हणायचे.

"काकूंच्या पोत्यात कान असायचे," ती म्हणाली. "मला एकदा कासव सापडलं होतं. नुसते पाय लावले. ते तुकडे कुठे गेले?"

"टाकले."

"सगळे?"

"सगळे."

तिने कात्री उचलली आणि एका चौकोनात तिरकी घातली. माझा हात आपोआप पुढे गेला. कात्री घेतली, "अशी नाही धरायची" म्हटलं आणि धागा बघून सरळ कापून दिलं. दोन तुकडे, अगदी सारखे.

ती त्या तुकड्यांकडे बघत राहिली. "काकूंच्या हातातून पण असंच घ्यायचात?"

घ्यायचो. भाजी चिरताना, चादरीची घडी घालताना, साधं पाकीट चिकटवताना. दे इकडे, तुला नाही जमायचं. पुढे पुढे ती न बोलताच वस्तू माझ्याकडे द्यायची. मला वाटायचं, बाईमाणूस समजूतदार आहे. या खोलीत मात्र तिने मला कधी बोलावलं नाही.

"हो," मी म्हणालो.

टिचकीने चपला घातल्या. "काका, मी आता येणार नाही." रागावली नव्हती. सांगून गेली, इतकंच. बाकीच्या पोरांनी आपापले रुमाल टेबलावर ठेवले. घरी कुणालाच न्यायचा नव्हता.

बाई दारात आल्या. "किती आहेत?"

"सात."

त्यांनी आत नजर टाकली. "आठवी बाहेर गेली असेल. येईल परत."

"नाही यायची," मी म्हणालो. "सोमवारी बाकं आणून ठेवा."