खुर्चीखालचे खांदे

“तेवढा एक चेहरा काढून टाक, म्हणजे विषय मिटला,” काका म्हणाले आणि गार झालेला चहा एका घोटात संपवून उठले. ते नगरभवनातच नोकरीला होते.

बाबांना जाऊन महिना झाला होता. नगरभवनात त्यांच्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन ठरलं होतं, आयुष्यातलं पहिलं, तेही आयुष्य संपल्यावर. उद्घाटनाला नगराध्यक्ष येणार होते. आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या बाबांच्या सर्वांत मोठ्या चित्रात तेच खुर्चीत बसून बूट पुसून घेत होते. खुर्ची लोकांच्या खांद्यांवर, आणि लोक कमरेपर्यंत गटाराच्या पाण्यात.

त्यांच्या थोरल्या मुलीला हे प्रदर्शन हवंच होतं. ती कामाच्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. खुंटीवर बाबांचा ॲप्रन होता. तिकडे तिने पाहिलं नाही. शेवटी त्या चित्राचा तांब्याचा पत्रा काढला, चेहऱ्याच्या रेषा खरवडल्या, शाई भरली, ओला कागद ठेवून यंत्राचं चाक फिरवलं.

कागद उचलला तर काय! चेहऱ्याच्या जागी काळाकुट्ट डाग! खरवडून झालेल्या खळग्यात शाई साचली होती.

“आता तर आंधळ्यालाही दिसेल!” दारातून आई म्हणाली.

“आई, चेष्टा सुचतेय तुला? प्रदर्शन हातचं जाईल.”

“चेहरा गेला, पण खुर्ची खाली आली का गं? ती कोणी धरलीय ते बघ.”

तिने वाकून पाहिलं. पुढचा खांदा, दोरीने बांधलेला चष्मा... बाबा!

“मग कोण!” आई म्हणाली. “‘वर्षानुवर्षं मीही गप्प बसलो, मग मी कसा सुटेन?’ म्हणाला. साहेबांच्या आधी स्वतःला कोरलं. मागे माझं नाक आहे. केवढं लांब काढलंय मेल्याने...”

शब्द तोंडातून गेला आणि आईची नजर खुंटीवरच्या ॲप्रनकडे गेली.

थोरलीने काकांना फोन लावला. “चेहऱ्यासकट लावणार. खरवडण्याआधीचा जुना छाप आहे.”

“वेडी आहेस का? सभागृह मिळणार नाही!”

“नको मिळू दे.”

रविवारी घराच्या कुंपणावर दोन्ही छाप लागले, चेहऱ्याचा आणि डागाचा. लोक थांबत, साहेबांना हसत. मग जवळ जाऊन खांदे न्याहाळत आणि हसू ओसरे. काकाही आले. बराच वेळ उभे राहिले.

“तो डावीकडचा टकल्या... मीच ना?”

“तुम्हीच, भावजी.”

“केस जरा जास्तच कमी केलेत दादाने,” ते म्हणाले. मग खाली बघून, “एक छाप मला दे गं. नगरभवनात माझ्या टेबलामागे लावतो.”

नागरिकहो, खुर्चीतल्या माणसाला हसावं, जरूर हसावं! पण खुर्ची आपल्या खांद्यावर आहे, आणि खांदा काढून घ्यायला कोणाचीही परवानगी लागत नाही.