गुडघ्यातले कच्चे टाके

गुडघ्याखालचं हाड मी स्टुलावरून पडून मोडलं. कात्र्यांचा डबा वरच्या फळीवर होता, आणि एकाहत्तराव्या वर्षी मला क्षणभर वाटलं की मी एकोणीसचीच आहे. हाड नुसतं मोडलं नाही, आत दबलं. उशीवर कोणी बसून उठावं तसा खळगा पडला.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी धातूची पट्टी आणि स्क्रू लावले नि खळग्यात खडूच्या चुऱ्यासारखे पांढरे दाणे भरले. कमरेचं हाड काढूनही भरता येतं म्हणाल्या, पण एक खिसा फाडून दुसऱ्याला ठिगळ लावणं मला पटलं नाही.

माझा जीव शिवणाच्या मशीनमध्ये अडकलेला. आईचं पायमशीन ते. लहानपणी त्या पॅडलच्या ठेक्यावर मला झोप लागायची. पुढे चाळीस वर्षं त्याच ठेक्यावर मी अख्ख्या गल्लीच्या विजारी शिवल्या. धाकट्या भावाला मात्र त्याला मोटर बसवायची होती. तो गवंडी. काम सुटल्यापासून भिंती मिळत नाहीत, म्हणून माणसं दुरुस्त करतो. आमचं ठरलं: पाचव्या महिन्याच्या एक्सरेत खळगा भरलेला दिसला नाही, तर मोटर.

एक्सरे आला, डॉक्टरीणबाईंची वेळ दोन दिवसांनंतरची. भावानं जुनी आणि नवी फिल्म खिडकीला धरली. जुनीत दाणे मोजता येतील इतके ठळक. नवीत जवळजवळ गायब.

“ताई, माल वाहून गेला,” तो म्हणाला. घरमालकांना ओल दाखवताना करायचा तोच चेहरा. पाय टेकलास तर खचेल, असंही बजावलं.

हा लहानपणी माझे शिवणाचे खडू खायचा. तेव्हापासून मी त्याचं काही ऐकलं नव्हतं, ते नेमकं आता ऐकलं. काठीनं घरभर फिरणारी मी दोन दिवस पलंगाला चिकटले. त्यानं तोवर पॅडल सोडवून भिंतीला टेकवलंसुद्धा. मी तोंड फिरवून पडून राहिले.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म पाहिल्या, गुडघा दाबून पाहिला आणि माझं रडगाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“वाहून नाही गेले, आजी,” त्या म्हणाल्या. “तुमचं हाड त्या दाण्यांच्या आधारानं वाढत आत शिरलं. ते शिरलं तसे दाणे विरघळले. आता तिथे तुमचंच हाड आहे.”

म्हणजे कच्चे टाके. पक्की शिलाई बसली की कच्चा दोरा निघतो. तो दिसेना म्हणून विजार फाटली असं कोणी म्हणत नाही. आणि हे मला, शिंपिणीला, गवंड्याच्या नादानं सुचलं नाही. पॅडल मारू का, विचारलं. रोज थोडं थोडं मारा, म्हणाल्या.

रिक्षात मी भावाला बोलून घेतलं. जन्मभर बांबूच्या परांच्या बांधल्यास आणि उतरवल्यास, परांची उतरली म्हणून कुठली इमारत पडली का?

घरी आल्यावर त्यानं पॅडल जोडलं. पट्टा उलटसुलट तीनदा चढवला. मी पाय ठेवला. पहिल्या झोल्याला गुडघ्यातून कळ गेली, दुसऱ्याला कमी, मग ठेका लागला.

“दुखतंय का, ताई?”

“दुखतंय. तू सुईत दोरा ओव.”