विंचूरच्या बॉयलरमध्ये द्राक्षाच्या काड्या

ऑक्टोबरची छाटणी झाली की ओझरकडच्या मळ्यांमधून काड्यांचा धूर निघायचाच. यंदा सुवर्णाने आपल्या बागेतली एक काडीही पेटवू दिली नाही. तिच्या बचत गटाच्या अकरा जणींनी काड्यांचा भुसा करून, तो दाबून मनगटाएवढे दांडे करणारं यंत्र आणलं होतं. बॉयलरमध्ये कोळशाच्या जागी हे दांडे चालतात. विंचूरच्या कांदा वाळवण्याच्या कारखान्याने चाचणीसाठी एक ट्रॉली मागितली होती. हातात नऊ दिवस होते.

पहिला दांडा बाहेर आला आणि सुवर्णाने उचलताच त्याचा भुगा झाला. दुसरा यंत्राच्या तोंडाशीच फुटला आणि त्यातून वाफ निघाली.

तिची सासू धोंडाबाई तो भुगा चिमटीत धरून म्हणाली, "वली हाय अजून. वाळवल्याबिगर नाय जमायचं."

"ऊन कुठंय आई? आभाळ बघा ना."

"मग बेदाण्याची शेड काय करती रिकामी? द्राक्षाचं मनुकं होतं तिथं, काडी नाय का वाळायची?"

सुवर्णा तशीच अनवाणी शेडकडे पळाली. दुपारपर्यंत अकराही जणी तिथे होत्या. काड्यांचे बोटभर तुकडे करून त्यांनी जाळ्यांच्या सातही थरांवर पातळ पसरले. शेड चहूबाजूंनी उघडी, वारा आरपार जायचा. धोंडाबाई रोज सकाळी येऊन एकेक तुकडा मोडून बघायची. सहाव्या दिवशी तुकडा कटकन मोडला. तिने दुसरा कानाशी धरून मोडला आणि ती हसली.

यंत्र पुन्हा सुरू झालं. या वेळी दांडा गरम, चकचकीत बाहेर आला आणि फरशीवर पडूनही तुटला नाही. गटातल्या संध्याने तो मुद्दाम दोनदा आपटून पाहिला. मग बायका जेवायलाही थांबेनात. पाळ्या लावून त्यांनी दोन दिवसांत ट्रॉली भरली.

नवव्या दिवशी सुवर्णा स्वतः ट्रॅक्टर चालवत विंचूरला पोचली. बॉयलर सांभाळणारे भारतभाऊ ट्रॉलीकडे बघून म्हणाले, "ताई, मागं एकानं असाच माल आणला होता. निम्मी माती. भट्टीची जाळी साफ करता करता माझा दिवस गेला."

"यात माती निघाली तर मी परत नेते, भाऊ."

कोळसा थांबला आणि दांडे आत गेले. वाफेच्या दाबाचा काटा आठावर होता. सलग दोन तास तो आठाखाली जाऊ नये, एवढीच अट होती. दहा मिनिटांत काटा सातावर आला, मग साडेसहावर. भट्टीतून काळा धूर येऊ लागला. भारतभाऊंनी कोळशाच्या ढिगाकडे हात केला.

सुवर्णा पुढे झाली. "भाऊ, तुम्ही कोळशासारखे भरभरून टाकताय. आग दबतेय. थोडे थोडे टाकून बघू. फावडं द्या माझ्याकडे."

भारतभाऊंनी फावडं दिलं.

तिने दोन-तीन दांडे टाकले, ते पेटू दिले, मग पुन्हा दोन-तीन. काळा धूर विरळ झाला, आतला जाळ पिवळाजर्द झाला. घामाने डोळे चुरचुरत होते, तरी ती काट्याकडे बघत होती. सात. साडेसात. आठ. काटा नवाला टेकला तेव्हा तिला हसू आवरेना. भारतभाऊंनी मुख्य झडप उघडली, वाळवणीच्या खोल्यांकडे वाफ सुटली आणि थोड्याच वेळात सगळीकडे शेकलेल्या कांद्याचा वास पसरला. त्यानंतर पूर्ण दोन तास काटा आठाखाली आला नाही.

राख ओढून बघत भारतभाऊ म्हणाले, "माती नाही यात. साहेबांना मीच सांगतो. पुढच्या गुरुवारी दुसरी ट्रॉली आणाल?"

"आणते," ती म्हणाली आणि बाहेर आल्यावर तिला आठवलं की आपल्या बागेतल्या काड्या तर संपल्या.

पण पाय जमिनीवर ठरत नव्हते. परतीच्या वाटेवर जिथे छाटणी दिसेल तिथे ती ट्रॅक्टर थांबवू लागली. पहिल्याच बागेत म्हातारे गेणूबाबा भेटले. तिने एका दमात सगळं सांगितलं, आठ, साडेसहा, नऊ, सगळे आकडे. छाटणाऱ्या बायकांच्या कात्र्या थांबल्या.

"आमच्या काड्यांवर कांदा वाळतोय म्हणती?" गेणूबाबांनी विचारलं.

"वाळतोय बाबा. आत्ता बघून आले."

त्यांनी बायकांना हाक मारली. ट्रॉली तिथेच भरायला लागली आणि सुवर्णा चढून काड्या दाबू लागली.