हायपो आणि माझं हिरवं पाणी

"हाऊ हौद नही, मनी सवत शे," जाळीने पानं काढता काढता भागीरथीबाई पुटपुटल्या. त्यांनी मला सवत म्हटलेलं मला ऐकू आलं. येणारच, त्या माझ्याच काठावर बसल्या होत्या.

मित्रांनो, मी कापडाच्या मागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरातला, पर्वत पाटिया भागातल्या एका बंगल्यामागचा जुना पोहण्याचा हौद आहे. बाईंचे यजमान गजेंद्रभाऊ आधी लिंबायतच्या वस्तीत दुसऱ्याच्या मागावर कापड विणायला उभे राहत. पुढे स्वतःचे माग झाले, बंगला झाला, तेव्हा मला बांधलं. वास्तुशांतीला पाहुणे रांगेने मला बघून गेले. तेवढं कौतुक पुन्हा वाट्याला आलं नाही.

पाण्यावरून सगळं बिनसलं. आधी, शहरात प्लेग आला त्या साली जंतू मारायला आणलेली ब्लीचिंग पावडर टाकली. ती जुनी, दम गेलेली. तळाला चुना बसला, पाणी ताकासारखं झालं. "असल्यात कोण उतरणार?" गजेंद्रभाऊ पाय बुडवून म्हणाले. मग बाईंचा भाऊ पंडित याच्या रंगाच्या मिलमधून पातळ ब्लीच आलं. ते भर दुपारी भसाभस ओतलं. डोळे चुरचुरले, आणि उरलेलं औषध उन्हाने उडवून नेलं. "असल्यात कोण उतरणार?" लेक नूतनही काठावरूनच म्हणाली.

पुढच्या खेपेला भाऊंनी पंडितला निरोप धाडला, "हायपो पाठव." पांढरे खडे आले. ते टाकले आणि बघता बघता मी हिरवागार.

पंडितने येऊन कपाळाला हात लावला. "दाजी, मिलमध्ये दोन्हींना हायपोच म्हणतात. पातळ हायपो कापड पांढरं करतं. खड्यांचं हायपो कापडात उरलेलं ब्लीच मारतं. आपण हौदाचं औषधच मारलं."

"मग घालायचं कुठलं?"

"पातळ. मोजून, ऊन उतरल्यावर. आणि पावडरीत कधी मिसळायचं नाही."

"आता काहीच नको," भाऊ म्हणाले. "माती भरतो. वर सुताचं गोदाम करू."

वारा नव्हता, तरी माझं पाणी हलायला लागलं. मित्रांनो, आम्हा हौदांना औषध बेताने द्याच. पण नुसतं काठावर बसून आमच्या खोडी काढू नका. आमच्यात उतरा.

मातीची गाडी फाटकात आली. "असल्यात कोण उतरणार," भाऊ पुन्हा म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. नूतनही नखं बघत बसली.

भागीरथीबाईंनी जाळी ठेवली, पदर खोचला आणि कठडा घट्ट धरून त्या माझ्या पहिल्या पायरीवर उतरल्या.

"पानीले नावं ठेवू नका," त्या म्हणाल्या. "आपला घरमा पोहता कोणले येस?"