सारजाचं पथ्य
काटेवाडीत भामाबाईच्या शब्दाला मान होता, आणि तिच्या पथ्याला तर त्याहून जास्त. कुणाला कावीळ होवो की कुणी बाळंत होवो, बायका विचारायला हिच्याच दारी. पथ्य कडक पाळायचं, आणि ज्यानं सांगितलं त्यानंच सोडवायचं, हा तिचा कायदा. वैद्य स्वतःच्या हातानं मिठाचा पहिला घास देई, तोवर माणूस आजारीच. आपल्या मनानं पथ्य मोडणाऱ्याचं ती तोंडसुद्धा बघत नसे.

तिच्या सुनेला, सारजाला, दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन पोटातली गाठ काढली. बीजकोशाचा कर्करोग, असं डॉक्टर म्हणाले. गाठीबरोबर गर्भाशयही गेलं. घरी सोडताना नर्सनं बजावलं होतं, मीठ-मिरची नको, ओझं नको, नवऱ्याजवळ निजणं नको. महिन्यानं दाखवायला या, मग पुढचं सांगू.

महिन्यानं कांद्याची काढणी निघाली. मग कालव्याच्या पाण्याची पाळी आली. सारजाला तर बरं वाटत होतं, अंगही भरलं होतं. पुण्याला जाणं राहिलं ते राहिलंच. पण पथ्य सोडवणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून भामाबाईनं ते सोडलं नाही. अळणी भाकरी, अळणी भाजी. ठेच्यावर जीव टाकणारी ही पोरगी, शेजारी मिरच्या कुटायला लागले की उठून परसात जाई. वांग्याच्या वाफ्यात पाऊल टाकायचं नाही, पाटी-घमेलं उचलील म्हणून. पणदऱ्याला माहेरी जायचं नाही, तिथं आई लाडानं काहीबाही खाऊ घालील म्हणून. आणि भामाबाईचा लेक गेणू निजायचा ओसरीवर. सारजानं कधी कुरकुर केली नाही. "आत्या हायत म्हनून मी जित्ती हाय," असं ती पाणवठ्यावर सांगायची. ते कानावर आलं की भामाबाई दिवसभर खुशीत असायची.

यंदाच्या उन्हाळ्यात सारजाचं पोट पुन्हा वाढायला लागलं. तिला खाली बसवेना, आडवं होववेना, दोन घासांत पोट फुगायचं. पुण्याच्या त्याच दवाखान्यात तेव्हा शिकत असलेली डॉक्टरीणबाई आता इंदापुरात बसते असं कळलं, तसा गेणू सारजाला आणि आईला घेऊन एस्टीनं तिकडं गेला.

डॉक्टरीणबाईंनी सुई घालून पोटातलं पाणी काढलं. कित्येक दिवसांनी सारजा उताणी पडली आणि पडल्या पडल्या झोपली. मग बाई या मायलेकरांना बाहेर घेऊन आल्या.

"रोग उलटलाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा ऑपरेशन करून उपयोग नाही. पाणी साचलं की घेऊन या, मी काढीन."

भामाबाईला हे पटेचना. "कसा उलटंल, बाई? म्या पथ्य मोडू दिलं न्हाय. दोन वर्सं मिठाचा खडा तिच्या जिभंला लागला न्हाय. तुमच्यापैकी कुनी सोडवील म्हनून आमी वाट बघतोय."

हात पुसता पुसता डॉक्टरीणबाई थांबल्या. "दोन वर्षं? मावशी, ते टाके भरून येईपर्यंतचं होतं. महिन्याभराचं."

"मंग ह्या पथ्यानं रोग..."

"पथ्यानं रोग थांबलाही नाही आणि वाढलाही नाही. ती उगाच तशी जगली. आता तिला हवं ते खाऊ द्या, हवं तिथं जाऊ द्या. पाणी काढलंय, चार दिवस बरे जातील. ते तरी तिच्या मनासारखे जाऊ देत."

भामाबाईनं भिंत धरली. गेणूनं आईकडं नुसतं पाहिलं. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला झालं. जिवापाड जपून तिनं पोरीची दोन चांगली वर्षं मातीत घातली होती. एस्टी स्टँडवर गेणू एवढंच म्हणाला, "आय, तिला कायबी सांगू नगंस."

संध्याकाळी भामाबाईनं स्वतः ठेचा कुटला. भाकरीवर ठेचा घेऊन ती सारजासमोर बसली आणि वैद्य देतो तसा घास तिच्या तोंडाशी नेला.

सारजा बघतच राहिली. मग हसू तिच्या चेहऱ्यावर मावेना. "पथ्य सुटलं? म्हंजी मी बरी झाले, आत्या?"

भामाबाईचा हात हवेतच राहिला. हे असं होईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. हो म्हणायला काय लागत होतं? पोरगी हसत जेवली असती. पण आजवर तिच्या वतीनं सगळं भामाबाईनंच ठरवलं होतं, आणि त्याचं काय झालं ते आज इंदापुरात कळलं होतं.

"न्हाय, सारजे," ती म्हणाली. "रोग उलटलाय. आन् पथ्य महिन्याचंच हुतं. म्या ताणलं. चूक माझी हाय."

सारजाचं हसू तोंडावरच थिजलं.

"सगळंच महिन्याचं हुतं? ह्यांचं ओसरीवर निजनं बी?"

भामाबाईला मान वर करवेना. "ते बी."

सारजानं सासूचा हात बाजूला सारला. ताटातली भाकरी आपल्या हातानं मोडली, ठेच्याला लावली आणि तोंडात टाकली. सावकाश चावली, गिळली. मग म्हणाली, "ह्यांचं हातरूण आत आना."

भामाबाई उठून ओसरीवर गेली. गेणू खांबाला टेकून बसला होता. तिनं त्याची वाकळ आणि उशी उचलली, आत नेऊन सारजाच्या शेजारी अंथरली, आणि स्वतःचं अंथरूण काखेत मारून ओसरीवर आली.