मिस्त्रींच्या कानाशी

मित्रांनो, गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगेत जी हत्यारं टांगलेली आहेत, त्यांतला सगळ्यात लांब आणि सगळ्यात जुना स्क्रूड्रायव्हर म्हणजे मी. माझं पातं हातभर लांब आहे आणि मूठ लाकडाची आहे. शेजारच्या खिळ्यांवर रंगीत प्लॅस्टिकच्या मुठींचे माझे तरुण भाऊबंद लटकलेले आहेत. ते दिसायला माझ्यापेक्षा छान आहेत. पण मिस्त्री म्हणत, ती सगळी मुकी पोरं आहेत, बोलतो तो हा एकटाच.

माझं पातं एका लहानशा कारखान्यात तापवून, ठोकून, तेलात बुडवून तयार झालं. मूठ मात्र नंतरची आहे. पहिली मूठ हातोडीच्या घावाने फुटली, तेव्हा मिस्त्री मला भंगारात टाकायला निघाले होते. त्यांच्या धाकट्या भावाने मला हातातून काढून घेतलं, मोडक्या खुर्चीच्या पायाचा तुकडा तासला, घासला आणि माझ्या पात्यावर घट्ट बसवला. दोन दिवस तो दुसरं काहीच करत नव्हता, असं मिस्त्री नंतर लोकांना तक्रारीच्या सुरात आणि मोठ्या कौतुकाने सांगत.

हे दोघे भाऊ मिळून गॅरेज चालवत. बाप लवकर गेला होता. मिस्त्रींनी धाकट्याला शाळेत पोचवलं, पुढे हाताखाली घेतलं, त्याचं लग्न करून दिलं. धाकटा अंगाने दांडगा होता आणि स्वभावाने बडबड्या. चाकं, चेन, ब्रेक ही कामं त्याची. इंजिनाचं ट्यूनिंग मात्र मिस्त्रींचं, आणि तिथे माझं खरं काम सुरू होई.

इंजिन चांगलं गरम झालं की मिस्त्री माझ्या टोकाने, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू हळूहळू फिरवत. एका बाजूला फिरवला की इंजिन जड होऊन घुटमळे, दुसऱ्या बाजूला फिरवला की ते धापा टाकू लागे. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते, तिथे ते एकसारखं, निवांत चालतं. ती जागा सापडली की ते माझं टोक इंजिनावर टेकवत, मूठ कानामागच्या हाडाशी दाबत आणि डोळे मिटत. आतली प्रत्येक टकटक माझ्या अंगातून त्यांच्या डोक्यात जाई. मग ते एकदम रेस देऊन सोडून देत. चांगलं ट्यून झालेलं इंजिन लगेच खाली येतं आणि पहिल्या चालीवर स्थिर होतं. ते वरच रेंगाळलं किंवा खाली येताना बंद पडलं, तर काम अजून झालेलं नाही.

एवढ्यावरही ते थांबत नसत. गाडी चढावर चालवून आणत, ठिणगीचा प्लग काढून त्याचा रंग बघत. प्लग काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढराफटक असेल तर कमी पडतंय, आणि भाजलेल्या मातीसारखा तपकिरी असेल तर ठीक. "कान चुकू शकतो, प्लग खोटं बोलत नाही," असं ते धाकट्याला शिकवत.

दुसरीकडे ट्यून केलेल्या गाड्याही लोक त्यांच्याकडे फक्त निकाल ऐकायला आणत. एकदा एक शिक्षिका आली. आदल्याच दिवशी तिने गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवली होती आणि आता तिला शंका येत होती. मिस्त्रींनी मला कानाशी लावलं, बराच वेळ ऐकलं, आणि काम अगदी नीट झालंय, ज्याने केलं त्याच्याकडेच जात जा, असं सांगून तिला परत पाठवलं. त्या दिवशी मला माझ्या मालकाचा फार अभिमान वाटला.

पण मित्रांनो, तीस वर्षं इंजिनांच्या आवाजात काढलेले ते कान होते. ते हळूहळू जाऊ लागले. दाराची बेल वाजली तरी ते उठेनात. बायकोने हाक मारली तर माझं लक्ष नव्हतं म्हणत. तिने एकदा डॉक्टरांचं नाव काढलं, तर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. समोरचा काय म्हणतोय हे ते ओठांवरून ओळखायला शिकले. हे सगळं मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, कारण ते मला दिवसेंदिवस जास्त जोराने दाबू लागले होते. कानामागे माझ्या मुठीचा लाल वण उठायचा, तरी ते दाबतच राहायचे. मला माहीत होतं, मी नेतोय ते पलीकडे पोचत नाही. पण स्क्रूड्रायव्हरने ते कोणाला सांगावं?

अशात धाकट्याच्या स्वतःच्या मोटरसायकलचं इंजिन उघडावं लागलं. ते पुन्हा बसवल्यावर मिस्त्रींनीच ट्यून केलं. स्क्रू फिरत होता आणि मी वाट बघत होतो की आता ते थांबतील. ती मधली जागा आली आणि गेली. ते पुढेच फिरवत राहिले. मग त्यांनी मला कानाशी धरलं, मान डोलावली आणि या वेळी प्लग न बघताच गाडी धाकट्याच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला, "दादा, रेस सोडली की गाडी मध्येच दम टाकते. काल वळणावर बंद पडली. प्लग काढून बघू का?"

गॅरेजमध्ये तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. मिस्त्रींनी पुन्हा मला इंजिनाला लावलं. माझ्या सगळ्या अंगातून ती धाप धावत गेली. याहून स्पष्ट मी आयुष्यात काही बोललो नव्हतो.

"काही नाही झालेलं," ते म्हणाले. "माझ्या कानावर विश्वास नाही का तुझा?"

धाकटा हसला, म्हणाला की तुझ्या कानावर नाही तर कोणाच्या, आणि गाडीवर बसून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या रस्त्यावरच्या चौकात वळताना त्याने रेस सोडली. गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून ट्रक येत होता.

पुढचे काही दिवस गॅरेजचं शटर बंद होतं. आम्ही सगळे अंधारात टांगलेले होतो. शटर उघडलं, तेव्हा ती मोटरसायकल परत आली होती. मागचं चाक आणि चौकट चेपली होती, इंजिनाला ओरखडाही नव्हता. लोक ट्रकवाल्याला शिव्या देत होते. मिस्त्रींना कोणी बोल लावला नव्हता, आणि त्यांनी तोंड उघडलं नसतं तर पुढेही लावला नसता.

त्यांनी प्लग काढला. तो पांढरा होता, खडूसारखा.

मग त्यांनी धाकट्याच्या बायकोला बोलावून घेतलं. ती दारात उभी राहिली. मिस्त्रींनी प्लग परत बसवला, इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं. माझं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ तिच्या हातात दिली. कानाशी कशी धरायची ते दाखवलं. तिने कधी गाडीचा स्क्रूही पिळला नव्हता.

"काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

ती थोडा वेळ ऐकत राहिली. "दम लागल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "मध्येच तुटतंय."

तिने काय म्हटलं ते त्यांनी ओठांवरून ओळखलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"मला हे ऐकू येत नाही. वर्षभर झालं, काहीच नीट येत नाही. त्याला येत होतं. मी त्याला खोटं पाडलं."

ती रडली नाही. तिने मला बाकावर ठेवलं, अगदी हळू, आवाज न करता. मग ती त्यांच्या समोर आली, त्यांना ओठ दिसावेत म्हणून.

"घरी येऊन ते मला म्हणाले होते, दादा म्हणतोय ठीक आहे, तर माझंच काहीतरी चुकत असेल."

एवढं बोलून ती गेली. महिन्याभराने माहेरच्या गावी शिवणकामाची नोकरी धरून तिने घर सोडलं. जाताना ती मोठ्या जावेच्या गळ्यात पडून रडली. मिस्त्रींना तिने नमस्कार केला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढे मिस्त्रींनी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

मिस्त्री आता फक्त डोळ्यांनी आणि हातांनी होणारी कामं करतात. पंक्चर, चेन, ब्रेकचे लायनर. जुनी गिऱ्हाइकं अजून येतात आणि म्हणतात, मिस्त्री, जरा ऐकून सांगा, ट्यूनिंग बरोबर झालंय का. तेव्हा ते सरळ सांगतात की मला ऐकू येत नाही, दुसरीकडे दाखवा. हे ते फार मोठ्याने सांगतात, कारण त्यांचा स्वतःचा आवाजही त्यांना नीट येत नाही. ऐकणारा दचकतो, कधी हसतोही. मिस्त्री हसत नाहीत. माझ्या पात्यावर गंज चढला आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचे कान किंवा डोळे थकू लागले असतील, तर त्यांची थट्टा करू नका. थट्टेच्या भीतीनेच माणूस लपवायला शिकतो. आणि तुम्हाला जे नीट ऐकू आलं असेल, ते समोरचा कितीही मोठा, कितीही लाडका असला तरी पुन्हा एकदा सांगा. तिसऱ्यांदाही सांगा. मिस्त्रींचे कान गेले, तो दोष कोणाचाच नव्हता. पण 'मला ऐकू येत नाही' हे चार शब्द त्यांनी तेव्हाच उच्चारले असते, तर या क्षणी धाकटा समोरच्या गाडीखाली पाठीवर झोपून, हात बाहेर काढून पाना मागत असता.